आवड तपासणे आणि प्रबलक तपासणे: दिसायला सारख्या, पण वेगळ्या चाचण्या

स्वमग्न मुलांच्या शिक्षणात 'याला काय आवडते' आणि 'काय मिळाले तर हा शिकण्यासाठी प्रयत्न करील' हे दोन प्रश्न सर्रास एकच मानले जातात. पहिल्याचे उत्तर आवडीच्या तपासणीतून मिळते, दुसऱ्याचे प्रबलकाच्या तपासणीतून. ज्या वस्तूमुळे एखादे वर्तन वाढते ती प्रबलक, आणि ते वर्तन खरोखर वाढले की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही.

जे मूल बोलून सांगू शकत नाही त्याची आवड त्याच्या निवडीतूनच समजते. आईवडिलांच्या माहितीवरून वस्तूंची यादी करणे योग्यच, पण पसंतीचा क्रम मुलालाच ठरवू द्यावा. वस्तू एकेक करून दाखवल्या, तर काही मुले जवळपास प्रत्येकीकडे हात नेतात आणि क्रम लागतच नाही. म्हणून फिशर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये वस्तू जोडीजोडीने मांडून त्यांतली एक निवडायला लावण्याची पद्धत वापरली. सोळा वस्तू असतील तर १२० जोड्या होतात, म्हणजे मूल कंटाळण्याची शक्यता मोठी. डिलिऑन आणि इवाटा यांच्या १९९६ च्या पद्धतीत सर्व वस्तू एका ओळीत ठेवतात. मुलाने भिंगरी उचलली की तिच्याशी थोडा वेळ खेळू द्यायचे, मग ती बाजूला काढून उरलेल्या वस्तूंच्या जागा बदलायच्या आणि पुन्हा विचारायचे. जागा बदलणे टाळू नये, कारण काही मुले वस्तू न पाहता नेहमी उजवीकडचीच उचलतात.

खाऊ आणि खेळणी एकाच ओळीत ठेवली की मोठी दिशाभूल होऊ शकते. डिलिऑन, इवाटा आणि रॉस्को यांनी १९९७ मध्ये विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तींबाबत दाखवले की अशा मिश्र मांडणीत बहुतेकांचा खाऊ वर चढतो आणि फक्त खेळण्यांमध्ये पहिली आलेली वस्तूही खाली ढकलली जाते. तरीही ती खाली गेलेली खेळणी प्रबलक म्हणून उपयोगी पडू शकतात, हे त्यांना आढळले. माझ्या मते खाऊची आणि खेळण्यांची तपासणी स्वतंत्रच करावी, नाहीतर मुरमुरे आणि वेफर्सच्या मागे एक चांगले खेळणे कायमचे दुर्लक्षित राहते, आणि शिकवणे विनाकारण खाऊवर अवलंबून राहते.

प्रबलकाची तपासणी संथ असते. मूल दोऱ्यात मणी ओवत असेल, तर आधी काहीही न देता ते किती मणी ओवते हे काही बैठकांत मोजायचे, नंतर मणी ओवल्यावर प्रत्येक वेळी साबणाचे फुगे उडवून पुन्हा मोजायचे, मग फुगे थांबवून संख्या उतरते का ते पाहायचे. फुग्यांबरोबर संख्या चढली आणि त्यांच्याविना उतरली, तरच फुगे त्या कामापुरते प्रबलक ठरतात. रॉस्को आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासात, कमी पसंतीची वस्तू एकटीच उपलब्ध असताना तिनेही बहुतेकांचे काम टिकवून धरले होते. त्यामुळे आवडीच्या क्रमात खाली असलेली वस्तू निरुपयोगी असे समजणे चूक आहे. उलट, सोप्या कामाला पुरणारी आवडती वस्तू अवघड कामाला अपुरी पडू शकते.

ओळीची तपासणी काही मिनिटांत होते, आणि भूक, झोप किंवा कालचा कंटाळा यांनी आवड बदलत असल्याने ती वारंवार करावी. प्रबलकाची सविस्तर तपासणी रोज करणे शक्य नसते. आवडती वस्तू देऊनही काम वाढत नसेल, तेव्हा मात्र ती केलीच पाहिजे.