दोन थरांच्या एन्झाइम प्रक्रियेसाठी सॉल्व्हंट निवडताना
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

एन्झाइमची मागणी नोंदवताना ग्राहक हमखास विचारतात, "हे हेक्झेनमध्ये (नेहमीच्या वापरातलं एक हायड्रोकार्बन सॉल्व्हंट) टिकेल ना?" पुष्कळदा टिकतं. तरीही आम्ही हेक्झेन सुचवत नाही. त्यामागचं कारण आणि त्याऐवजी काय वापरून पाहावं, हे इथे मांडलं आहे.

दोन थरांच्या पद्धतीत एन्झाइम किंवा पेशी पाण्याच्या थरात राहतात. कच्चा माल पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून तो सेंद्रिय थरात, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या सॉल्व्हंटच्या थरात साठवायचा, आणि तयार होणारं उत्पादन एन्झाइमला बाधायच्या आत याच थरात ओढून घ्यायचं. म्हणजे हे सॉल्व्हंट तासन्‌तास एन्झाइमच्या, कामगारांच्या आणि शेवटी उत्पादनाच्या सहवासात राहणार असतं.

लॉग पी कुठवर उपयोगी

एखादा पदार्थ ऑक्टॅनॉल (तेलकट अल्कोहोल) आणि पाणी यांत कोणत्या प्रमाणात वाटला जातो, ते लॉग पी सांगतो; आकडा जितका मोठा तितका पदार्थ तेलकट. संशोधक लाने आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे: लॉग पी २ च्या खाली असेल तर सॉल्व्हंट बहुधा मारक, ४ च्या वर असेल तर बहुधा निर्धोक, मधल्या पट्ट्यात करून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. इथिल अ‍ॅसिटेट सुमारे ०.७, टोल्यूइन सुमारे २.७, हेक्झेन ४ च्या आसपास, डोडेकेन ६ च्याही वर.

पण हा आकडा फक्त एन्झाइमच्या बाजूने बोलतो. माणसाच्या आरोग्याबद्दल किंवा आगीबद्दल त्यात एक अक्षरही नाही. हेक्झेनची वाफ दीर्घकाळ श्वासात गेली तर शरीरात त्याचं २,५-हेक्झेनडायोन बनतं आणि हातापायांच्या नसा निकामी होऊ लागतात. हेप्टेनमध्ये कार्बनचा एकच अणू जास्त, पण हा धोका खूपच कमी. औषधांत उरणाऱ्या सॉल्व्हंटबद्दलच्या आयसीएच क्यू३सी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत हेक्झेन दुसऱ्या वर्गात आहे, मर्यादा २९० पीपीएम. हेप्टेन तिसऱ्या वर्गात, मर्यादा ५,००० पीपीएम. त्यामुळे हेक्झेनच्या जागी हेप्टेन घेणं हा सर्वांत सोपा बदल आहे. आमच्या मते तो आजच करावा.

आगीचा प्रश्न मात्र हेप्टेननेही सुटत नाही. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) उणे २२ अंश सेल्सिअसच्या आसपास, हेप्टेनचा उणे ४, म्हणजे दोन्हींची वाफ खोलीच्या तापमानाला सहज पेट घेते. प्रक्रियेला ऑक्सिजन लागत असेल तर धोका आणखी वाढतो: हवेचे बुडबुडे वाफ घेऊन वर येतात, आणि आग टाळायला टाकीत नायट्रोजन भरून ठेवण्याची सोय उरत नाही. शिवाय हायड्रोकार्बन आणि पाणी जोरात ढवळलं की स्थिर विद्युतभार साठतो, म्हणून टाकी, नळ्या आणि पिंप यांचं अर्थिंग हवंच. अशा प्रक्रियांसाठी आम्ही ७० अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेलं डोडेकेन किंवा इथिल ओलिएटसारखे फॅटी एस्टर सुचवतो. याची किंमत पुढे मोजावी लागते. डोडेकेन २१६ अंशांना उकळतं, त्यामुळे ते उडवून उत्पादन मागे ठेवणं अवघड जातं. उलट उत्पादनच उडवून घेता येतं का, किंवा ते आम्ल-अल्कलीने पाण्यात परत काढता येतं का, हे आधी ठरवा.

नावावर जाऊ नका

लिमोनीन संत्र्याच्या सालीतून मिळतं म्हणून सौम्य वाटतं. पण ते ज्वलनशील आहे, जलचरांना घातक आहे, आणि हवेत जुनं झालं की त्वचेला अ‍ॅलर्जी आणतं. २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून बनतं आणि उपयोगीही आहे, पण त्यात पेरॉक्साइड साठतात. बाटली उघडल्याची तारीख लिहून ठेवा आणि ऊर्ध्वपातनाआधी चाचणी करा. उत्पादन ओढून घ्यायला पूर्वी वापरले जाणारे थॅलेट एस्टर नव्या प्रक्रियेत घेऊ नयेत. त्यांतले काही प्रजननाला घातक ठरले आहेत.

एन्झाइम सॉल्व्हंटलाच खात नाही ना, तेही पाहा. लायपेज किंवा एस्टरेज (एस्टर तोडणारे एन्झाइम) असेल तर इथिल अ‍ॅसिटेटचं अ‍ॅसिटिक आम्ल आणि इथेनॉल होतं. पीएच सारखा उतरत राहतो, अल्कली जास्त लागते, आणि ग्राहकाला वाटतं की अभिक्रिया जोरात चालली आहे. वर सुचवलेले फॅटी एस्टरही या एन्झाइमांसोबत नकोतच.

दोन बाटल्यांची चाचणी

पहिल्या बाटलीत बफर (पीएच स्थिर ठेवणारं पाण्याचं द्रावण) सॉल्व्हंटसोबत हलवून संपृक्त करा, वरचा थर पूर्ण काढून टाका आणि उरलेल्या बफरमध्ये एन्झाइम ठेवा. दुसरीत दोन्ही थर ठेवून, प्रत्यक्ष वापराल त्याच वेगाने ढवळा. सोबत नुसत्या बफरची बाटलीही ठेवा. ठरावीक वेळाने सगळ्यांतली सक्रियता मोजा. पहिल्या बाटलीत एन्झाइम मरत असेल तर विरघळलेले रेणूच मारक आहेत, सॉल्व्हंट बदला. पहिलीत टिकून दुसरीत मरत असेल तर दोष दोन थरांच्या सीमेवर आहे. तिथे ढवळण्याचा वेग कमी करून किंवा एन्झाइम आधारकावर (घन कणांवर) बसवून बरंच साधतं. दुसरी बाटली थांबवून ठेवल्यावर थर किती वेळात वेगळे होतात, तेही लिहून ठेवा. पूर्ण पेशी वापरत असाल तर मधे हट्टी इमल्शन (दोन्ही थरांचं न सुटणारं दुधाळ मिश्रण) बसतं, आणि मोठ्या टाकीत ते फोडणं जिकिरीचं होतं.

सल्ल्यासाठी लिहिताना कच्चा माल, उत्पादन, तापमान, पीएच, हवा लागते की नाही, आणि उत्पादन शेवटी कुठे वापरलं जाणार, एवढं कळवा. दोन्ही बाटल्यांचे आकडे जोडलेत तर उत्तर अधिक नेमकं देता येईल.