कैरोतलं भाषण आणि पुढचे सात महिने

अरब देशांत लोकशाही यावी, असं अमेरिका उघडपणे म्हणू लागली ती फार उशिरा. दुसऱ्या महायुद्धानंतरचा हिशेब साधा होता. तेल मिळत राहावं, सोव्हिएत रशिया लांब राहावा. राज्य कोण कसं करतंय याची चौकशी नको. १९७९च्या इजिप्त-इस्रायल करारानंतर कैरोला लष्करी मदत सुरू झाली आणि पुढे ती वर्षाला १.३ अब्ज डॉलरवर स्थिरावली. जानेवारी १९९२ मध्ये अल्जीरियाच्या लष्कराने इस्लामी पक्ष जिंकत असलेली निवडणूक मध्येच गुंडाळली, तेव्हाही वॉशिंग्टनने फारशी कुरकुर केली नाही.

११ सप्टेंबर २००१ने हा हिशेब बिघडवला. १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदीचे, म्होरक्या इजिप्तचा. म्हणजे दोन्ही मित्रदेशांतले. इराकवरच्या हल्ल्यालाही मग लोकशाहीचा मुलामा मिळाला आणि ‘लोकशाही’ या शब्दाबद्दलच अरबांच्या मनात संशय बसला, तो बसलाच.

२० जून २००५ रोजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात बोलल्या : साठ वर्षं आम्ही लोकशाहीचा बळी देऊन स्थैर्य मागितलं, हाती काहीच लागलं नाही. एवढी स्पष्ट कबुली अमेरिकेकडून क्वचितच ऐकायला मिळते. सप्टेंबरमध्ये इजिप्तमध्ये प्रथमच अनेक उमेदवारांची अध्यक्षीय निवडणूक झाली. सत्तेवर असलेले अध्यक्ष होस्नी मुबारक यांना ८८ टक्क्यांहून अधिक मतं पडली, दुसरे आलेले अयमान नूर डिसेंबरात तुरुंगात गेले. पक्षनोंदणीच्या कागदांवर खोट्या सह्या केल्याचा आरोप होता.

त्याच हिवाळ्यात संसदेचं मतदान झालं. पोलिसांनी केंद्रांची दारं अडवली, तर नाईलच्या त्रिभुज प्रदेशातले मतदार मागच्या बाजूने शिड्या लावून आत शिरले. बंदी असलेल्या मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेचे ८८ जण अपक्ष म्हणून निवडून आले. जानेवारी २००६ मध्ये पॅलेस्टाइनच्या संसदेत हमास या सशस्त्र इस्लामी संघटनेने १३२पैकी ७४ जागा घेतल्या. अमेरिकेचा उत्साह तिथेच ओसरला. माझ्या मते, धोरणाची खरी परीक्षा इथेच होती आणि ती कुणी दिलीच नाही.

२०११च्या उठावात मुबारक गेले. पण जुलै २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेले अध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना हटवलं, तेव्हा अमेरिकेने ‘बंड’ हा शब्द टाळला. तो वापरला असता तर कायद्याने मदत थांबवावी लागली असती. काही शस्त्रं ऑक्टोबरात रोखली, मार्च २०१५ मध्ये तीही सोडली.