फ्लॅश प्लेयर ‘अपडेट करा’ म्हणणारी खिडकी खोटीच असते

“व्हिडिओ दिसत नाही? फ्लॅश प्लेयर अपडेट करा,” हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. कृपया तो ऐकू नका.

एकेकाळी तो योग्य होता. फ्लॅश प्लेयर म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवण्यासाठी वेगळं जोडावं लागणारं, अडोबी कंपनीचं छोटं सॉफ्टवेअर (प्लगइन). जुलै २०१५ मध्ये सरकारांना हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या हॅकिंग टीम या इटालियन कंपनीचा डेटा फुटला आणि त्यात फ्लॅशच्या सुरक्षेतली तोवर अज्ञात असलेली छिद्रं निघाली. एकात तर प्लेयर मेमरीचा मोकळा केलेला तुकडाच पुन्हा वापरत असे. तिथे हल्लेखोर आपला कोड घुसवत. अडोबीची दुरुस्ती येण्याआधीच गुन्हेगारांनी ते वापरलंही. तेव्हा अपडेट टाळणं खरंच महागात पडायचं.

पण अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरमध्ये काही चालणंच बंद केलं. मग आज अपडेट येणार कुठून? मॅकवरचा ‘श्लेयर’ हा ट्रोजन (उपयोगी असल्याचं सोंग घेणारा घातक प्रोग्राम) नेमका याच खोट्या अपडेटच्या वेषात पसरला.

आता ब्राउझर स्वतःच व्हिडिओ चालवतो, वेगळं प्लगइन लागत नाही. व्हिडिओ अडलाच तर ब्राउझर अपडेट करा, तोही त्याच्या सेटिंग्जमधूनच. जुना फ्लॅश कॉम्प्युटरवर राहिला असेल, तर आजच काढून टाका.