इंजिनाचा एक अंश आणि स्टॅकवरचे 32 बाइट

गाडीतील संगणक जितका वेगवान तितका तो भरवशाचा, हा समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक घडवणाऱ्यांना मात्र सरासरी वेगाचे फारसे कौतुक नसते, कारण त्यांना हमी द्यायची असते ती वाईटातल्या वाईट परिस्थितीतही काम मुदतीत संपेल याची. मिनिटाला 6,000 फेरे घेणाऱ्या इंजिनाची एक फेरी 10 मिलिसेकंदांत पुरी होते, म्हणजे क्रँकशाफ्टला एक अंश फिरायला सुमारे 28 मायक्रोसेकंद लागतात. ठिणगी कोणत्या अंशाला पाडायची हा हिशेब त्याआधी तयार असला पाहिजे, आणि त्याच प्रोसेसरला तापमान वाचण्यासारखी इतर कामेही उरकायची असतात.

एक काम थांबवून दुसरे हाती घेताना पहिल्याचे चालू आकडे, म्हणजे रजिस्टरांतील (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणांतील) मजकूर, स्टॅकवर, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठवणीच्या जागेत, जपून ठेवावा लागतो. किती रजिस्टरे जपायची, हे बरेचसे कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, एका करारावर ठरते. आर्म रचनेच्या प्रोसेसरांत कोणत्याही फंक्शनला (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र तुकड्याला) आर0 ते आर3 आणि आर12 ही रजिस्टरे बिनदिक्कत खराब करण्याची मुभा असते. त्यांतले काही हवे असेल तर फंक्शन कॉल करणाऱ्याने ते आधीच बाजूला ठेवायचे. आर4 ते आर11 मात्र वापरणाऱ्या फंक्शनने परतताना जसेच्या तसे लावून द्यायचे. त्यामुळे एखादे काम आपणहून, फंक्शन कॉल करून प्रोसेसर सोडत असेल, तर निम्मी आवराआवर कंपायलरने आधीच केलेली असते.

इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवायला लावणारा हार्डवेअरचा इशारा, मात्र कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये टपकतो आणि कंपायलरला त्याची पूर्वसूचना नसते. आर्मच्याच कॉर्टेक्स-एम या प्रकारचे प्रोसेसर रचणाऱ्यांनी येथे फार सुरेख वाटणी केली आहे : कंपायलर ज्यांची हमी देत नाही ती पाच रजिस्टरे, परतीचा पत्ता ठेवणारे लिंक रजिस्टर, पुढच्या आज्ञेचा पत्ता ठेवणारा प्रोग्रॅम काउंटर आणि स्थितिदर्शक असे आठ आकडे, म्हणजे 32 बाइट, हार्डवेअर स्वतःच स्टॅकवर ठेवते. परिणामी इंटरप्टचा कोड सी भाषेतल्या साध्या फंक्शनसारखा लिहिता येतो, आणि आर4 ते आर11 जपण्याचे कष्ट ऑपरेटिंग सिस्टिम केवळ काम खरोखर बदलतानाच घेते.

कॉर्टेक्स-एम4 मधील फ्लोटिंग पॉइंट एककाने, म्हणजे दशांशाचे गणित करणाऱ्या भागाने, एखाद्या कामात दशांशाचा एक गुणाकार केला, की त्यानंतरच्या इंटरप्टला 32 ऐवजी 104 बाइटांची जागा लागू शकते. यावर उपाय म्हणून हे प्रोसेसर जागा राखून ठेवतात, पण इंटरप्टच्या कोडने दशांश रजिस्टरांना हात लावला तरच ती प्रत्यक्ष भरतात. सरासरी वेळ याने सुधारते; सर्वांत वाईट वेळ आहे तेथेच राहते, आणि मुदतीचा हिशेब तिच्यावरच करावा लागतो.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडणाऱ्यांना हसणारे काही अभियंते प्रत्येक चलापुढे ‘व्होलाटाइल’ हा सी भाषेतला शब्द लिहून निर्धास्त होतात. त्या शब्दामुळे कंपायलर मेमरीतून वाचणे टाळत नाही, इतकेच. काम मध्येच तुटण्यापासून किंवा मुदत चुकण्यापासून तो वाचवत नाही.

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत कामांची अदलाबदल भाषेच्याच यंत्रणेकडे असते. तिचा कंपायलर फंक्शनच्या आरंभी स्टॅकची एक तपासणी घालतो आणि पूर्वी चालू काम थांबवण्याची संधी मुख्यतः तेथेच मिळे. लहान फंक्शन कंपायलरने लूपमध्ये, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागात, विरघळवून टाकले की तपासणीही नाहीशी होई, म्हणजे ज्या सुधारणेने लूप वेगवान झाला तिच्यामुळेच इतर कामे ताटकळत. फेब्रुवारी 2020 मधील 1.14 आवृत्तीपासून असा लूप सिग्नल पाठवून मध्येच थांबवता येतो.

म्हणूनच मुदतीला बांधलेल्या प्रकल्पात कंपायलरची आवृत्ती किंवा ऑप्टिमायझेशनची (कोड वेगवान करणाऱ्या अशा सुधारणांची) पातळी बदलली, की मूळ प्रोग्रॅमचे एक अक्षरही बदललेले नसताना सर्वांत वाईट वेळेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.