एका फोनच्या पोत्यात दोन जिन्नस

रावेरकडे केळीची गाडी भरताना घडांच्या थरांमध्ये केळीचाच पाला दाबून बसवतात. फोन जुळवणाऱ्या निरोपातही असे थर लागतात, पण तिथे केळीत केळीचा पाला चालत नाही.

भुसावळहून भाच्याने मामाला फोन लावला की रिंग वाजायच्या आधी त्याच्या फोनमधून एक लेखी निरोप निघतो, ‘इन्व्हाइट’. फोर-जीवरचे व्होल्टे कॉल ज्या ‘सिप’ पद्धतीने जुळतात, तिचं मुख्य मानक २००२ सालचं. या निरोपाच्या पोटात एरवी एकच जिन्नस असतो : तुमचा आवाज माझ्याकडे कुठल्या पत्त्यावर, कुठल्या कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बांधायच्या पद्धतीत) पाठवायचा.

आता समजा, चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या वळणावर गाडी उलटली. मदतीच्या फोनसोबत ठिकाणही कळवायचंय. ते कसं जोडायचं, हे २०११ च्या मानकात आहे. म्हणजे एका पोत्यात दोन जिन्नस आले. इथे ईमेलला फोटो जोडायची जुनीच युक्ती कामी येते, ‘मल्टिपार्ट’. पाठवणारा एक खुणेचा शब्द ठरवतो, फार तर ७० अक्षरांचा, आणि तो वरच सांगून टाकतो. प्रत्येक जिन्नस सुरू होण्याआधी नव्या ओळीवर दोन आडव्या रेघा आणि तो शब्द. शेवटी तीच ओळ, फक्त शब्दानंतर आणखी दोन रेघा : पोतं शिवलं. ही खूण आतल्या मजकुरात कुठेही यायला नको, नाहीतर घेणारा भलत्याच जागी कापेल. म्हणून फोन अक्षर-आकड्यांची लांबलचक, अर्थहीन माळ तयार करतो.

खरी गोम पुढे आहे. प्रत्येक जिन्नसाच्या चिठ्ठीवर ‘आवश्यक’ की ‘ऐच्छिक’ हे लिहिता येतं. काहीच लिहिलं नाही तर तो आवश्यक धरतात. आवश्यक जिन्नस समोरच्याला कळला नाही, तर तो ‘४१५’ असं उत्तर देऊन अख्खा निरोप नाकारतो. ठिकाण वाचता येत नाही म्हणून जखमी माणसाचा फोनच लागू नये? माझ्या मते हे चुकीचं आहे. ठिकाणाच्या चिठ्ठीवर ‘ऐच्छिक’ लिहिलंच पाहिजे. निदान आवाज तरी पोचेल, आणि ‘वैजापूरच्या अलीकडे, मोठ्या वळणावर’ एवढं तोंडी सांगता येईल.

पोत्यावरही अशीच चिठ्ठी असते. आत एक जरी जिन्नस आवश्यक असेल तर पोतंही आवश्यक. पण ज्या यंत्राला पोतंच उघडता येत नाही, त्याच्यापुढे ओळखीचा जिन्नस आत असूनही वाया जातो. म्हणून २००९ च्या मानकाने असं पोतं उघडता येणं फोनांवर बंधनकारक केलं.