जुन्या मराठी ग्रंथांचा ऑनलाइन शोध

स्वामित्वहक्काची मुदत संपलेले मराठी ग्रंथ, कोश व नियतकालिके इंटरनेटवरील विनामूल्य संग्रहांतून शोधून काढण्याची रीत. ग्रंथ संग्रहात असूनही हाती लागत नाही, याचे कारण बहुधा त्याच्या नोंदीत असते.

सर्वांत मोठा साठा इंटरनेट अर्काइव्हवर आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात स्कॅन झालेली पुस्तके तेथे आहेत. त्यांच्या नोंदी रोमन लिपीत आणि वाटेल त्या स्पेलिंगने केलेल्या आहेत. ‘ज्ञान’ हा शब्द डी-एन, जे-एन किंवा जी-वाय अशा कोणत्याही अक्षरांनी सुरू झालेला असू शकतो. शब्दाअखेर जादा ‘ए’ असतो किंवा नसतो. म्हणून पूर्ण शीर्षक टाइप करू नये. शीर्षकातील एकच ठळक शब्द घेऊन त्याची पहिली चार-पाच अक्षरे लिहावीत व पुढे तारांकन (*) द्यावे, म्हणजे उरलेले स्पेलिंग कसेही असले तरी चालते. तेवढ्याने न मिळाल्यास लेखकाच्या आडनावाने पाहावे. भाषेची चाळणी शेवटी लावावी, कारण काही मराठी पुस्तके हिंदी किंवा संस्कृत म्हणून नोंदलेली असतात. मुखपृष्ठावर शक असल्यास त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा (शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९).

मजकुरातील शोध वेगळ्याच कारणांनी फसतो. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरांत’ असे अनुस्वार आहेत. आजच्या लेखनाने शोधल्यास ते हुकतात. ‘सुऱ्या’मधला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो, दिसतो मात्र एकसारखाच. त्यात यंत्रवाचन (पानाच्या चित्रातील अक्षरे संगणकाने ओळखणे) ‘ख’ला ‘रव’ करून टाकते. युनिकोड ही आजची सामायिक अक्षरसंकेत-पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की निरर्थक अक्षरे उमटतात. अशा वेळी अनुक्रमणिका उघडून पाने चाळणे हाच जलद मार्ग.

शब्दार्थासाठी शिकागो विद्यापीठाची ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’ उत्तम. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश तेथे शोधता येतो. विभक्ती काढून मूळ शब्द द्यावा. क्रियापद ‘करणें’ असे सानुस्वारही द्यावे. इंग्रजी शब्दावरून मराठी शब्द हवा असेल तर मोल्सवर्थच्या शीर्षशब्दांत न शोधता पूर्ण मजकुरात शोधावे. या सोयीकडे अनेकांचे लक्षच जात नाही. शासकीय परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे कोश पाहावेत.

विषयाच्या माहितीसाठी मराठी विश्वकोश पाहावा. त्याचा पहिला खंड १९७६ चा असल्याने आकडेवारी व राजकीय नकाशा नोंदीच्या खंडाचे वर्ष पाहूनच घ्यावा. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ही ऑनलाइन आहे. त्यातले विज्ञान शिळे झाले असले, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील विद्वानांना काय ठाऊक होते ते त्यातून नेमके कळते. जिल्ह्यांची गॅझेटियर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर आहेत.

मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहात टंकित मजकुराशेजारीच मूळ पानाचे चित्र असते. तेथे लाल पान तपासलेले नसते, पिवळे एकदा तपासलेले आणि हिरवे दोनदा. अवतरण घ्यायचे तर निदान पिवळे असावे व चित्राशी पडताळावे. संदर्भात छापील पृष्ठांक द्यावा, पीडीएफचा नव्हे. प्रस्तावनेमुळे दोन्हींत पुष्कळ फरक पडतो.

भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो व ही मुदत पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये वारले, त्यामुळे त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. अनुवादकाचा आणि नव्या प्रस्तावनेच्या लेखकाचा हक्क मात्र स्वतंत्र मोजावा लागतो. संग्रहात ग्रंथ दिसतो म्हणजे तो पुन्हा छापण्यास मोकळा आहे, असे धरून चालू नये.