फीमधली सूट म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे

यवतमाळ-वाशीमकडच्या तालुक्याच्या गावात हल्ली बसस्टँडसमोर एक फ्लेक्स हमखास दिसतो. कोट घातलेलं पोरगं, मागे लाल डबलडेकर, खाली 'इंग्लंडच्या विद्यापीठाची पाच लाखांची शिष्यवृत्ती'. बहुतेक वेळा ती शिष्यवृत्ती नसतेच, फीमधली सूट असते.

शिष्यवृत्ती काय असते हे विदर्भाला नव्याने सांगायला नको. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग. अर्ज, कागदपत्रं, निवड यादी, आणि निवड झाली की फी, राहणं-खाणं, विमानभाडं सगळं धरून.

सूट मिळते तेव्हा कोणी कोणाला पैसा देत नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक मुलांच्या पदवीच्या फीला सरकारने मर्यादा घातली आहे, २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड. बाहेरून येणाऱ्यांना ती मर्यादा नाही. त्यामुळे आकडा आधीच मोठा ठेवायचा आणि त्यातून दोन-तीन हजार पौंड उतरवून पत्र पाठवायचं, दिवाळीतल्या कापड दुकानासारखं. यात फसवणूक नाही, गिऱ्हाईक आणायची ती रीत आहे. पण नाव शिष्यवृत्तीचं दिलं की कास्तकार बापाला वाटतं, पैसा येणार.

पैसा येत नाही, दाखवावा लागतो. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी, आणि वर नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च: लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड, म्हणजे १०,५३९ पौंड. ही रक्कम मुलाच्या किंवा आईबापाच्या खात्यात सलग २८ दिवस हवी. पंधरा एकर वावराचा सातबारा चालत नाही, काकाचं खातं चालत नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज चालतं. सूट फक्त फीचा आकडा खाली आणते, राहण्याच्या रकमेतला एक पौंडही कमी करत नाही. हे ऐन वेळी कळतं, आणि मग माणूस सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो.

ओळखायचं सोपं आहे. वेगळा अर्ज न करता ऑफर लेटरसोबतच आली आणि खाली 'अमुक तारखेच्या आत डिपॉझिट भरा' असेल, तर सूट समजा. एजंट हे सांगेल या भरवशावर राहू नका. त्याचं कमिशन विद्यापीठाकडून येतं.

विद्यापीठांना इकडची मुलं खरोखर हवी असतील तर चकचकीत मेळावे नागपूरच्या हॉटेलांत भरवण्यापेक्षा पत्रासोबत मराठीत एक पान जोडावं: सूट वजा करून फी रुपयांत किती, खात्यात किती दाखवायचे, किती दिवस. घरात हिशेब बसला तर बाप स्वतःच धाकट्यासाठी चौकशी करतो, आणि त्याचं ऐकून शेजारचाही.

आणि पदवी तीन वर्षांची असेल तर सूट दरवर्षी आहे की पहिल्या वर्षापुरती, हे डिपॉझिट भरण्याआधी ईमेलवर लेखी विचारून घ्या. फोनवरचं 'हो हो' धरू नका.